मातीचं विरजण

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात जमीन दाबण्यापलीकडे दुसरं काही केलं नाही, त्याच्यावर म्हातारपणी तीच जमीन उकलायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

सगळे त्यांना रोलरकाका म्हणत. खरं नाव कागदोपत्री होतं. पण एकदा टपालवाल्यानं दारात येऊन ते मोठ्यानं वाचलं, तेव्हा काकांनीच "असा कुणी इथे राहत नाही बाबा" म्हणून त्याला पुढच्या घरी पिटाळलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी रस्त्याचा रोलर चालवला. रोलर चालत्या माणसापेक्षाही हळू जातो. काका रोलरवर बसून लग्नाला निघाले म्हणून त्यांचं लग्न उशिरा झालं, अशी थट्टा गडीमाणसं करत. काका हसत आणि म्हणत, "उशिरा झालं, पण पक्कं झालं. वर एक खड्डा नाही."

आता खड्डा होता की नव्हता, ते काकूंना विचारायला हवं. रस्ता जिथे जाईल तिथे तंबू, आणि तंबू जिथे जाईल तिथे काकू. तीन दगडांची चूल, दोन पातेली आणि एक लोखंडी पेटी. ती पेटी एकतीस वर्षांत कधी पुरती रिकामी झाली नाही. काकू वरवरचे कपडे काढत आणि खालचे तसेच राहू देत. आज ना उद्या पुन्हा भरायचीच, मग उपसायची कशाला?

काकूंना मातीचं भारी वेड. तंबू ठोकला की दुसऱ्या दिवशी त्या शेजारी हातभर वाफा करत, दोन बिया खोचत. पडवळाचा वेल तंबूच्या दोरीवर चढायचा, त्याला फूल यायचं, आणि मुकादम सांगत यायचा, "चला, उद्या सहा मैल पुढे." असं किती वेळा झालं, त्याची गणती नाही. बाई पन्नाशी उलटून गेली, पण स्वतः पेरलेल्याचं एक फळ तिच्या तोंडात गेलं नव्हतं. मागे राहिलेली पडवळं कुणी खाल्ली देव जाणे.

काका निवृत्त झाले तेव्हा गावाबाहेरच्या जुन्या रोलर-तळाचे तुकडे पाडून देत होते. काकांनी हौसेनं एक घेतला. पुढे दोन खोल्या, मागे चांगली ऐसपैस परसजागा. "अगं, इथली वीत न् वीत मी दाबलेली आहे," ते काकूंना अभिमानानं म्हणाले. "दर पावसाळ्यात चार-चार रोलर इथे उभे असायचे. अशी सपाट जागा शोधून सापडणार नाही."

सपाट होती खरी. काकूंनी पहिल्याच दिवशी कुदळ मारली तर ती ठण् करून उलटी आली. मग काकांनी पहार मारली. पहारही ठण् म्हणाली, आणि काकांचा हात खांद्यापर्यंत झिणझिणला. पाणी ओतलं तर ते ताटात ओतल्यासारखं उभं राहिलं; दुसऱ्या दिवशी चिमण्या त्यात आंघोळ करून गेल्या. तरी काकूंनी वरची चार बोटं माती खरवडून गाजरं पेरली. थंडी सरता सरता ती उपटली. खाली जायला वाट नाही म्हटल्यावर गाजरं करणार काय? प्रत्येकाला दोन पाय फुटले होते. कुणी मांडी घालून बसलेलं, कुणी पाटलोण घालून पळायच्या बेतात.

काकू आधी खूप हसल्या. मग गप्प झाल्या. काकांना ते हसणं चाललं असतं, ते गप्प होणं नाही चाललं.

"पोरीचा फोन होता," दोन दिवसांनी काकू म्हणाल्या. त्यांची लेक मोठ्या शहरात पाचव्या मजल्यावर राहते. "म्हणते, इकडे या. गुडघे दुखतात तर इथे लिफ्ट आहे."

"आणि माती?"

"माती तर इथेही नाही," काकू म्हणाल्या. "जे आहे त्याला माती म्हणत नाहीत, अहो. त्याला रस्ता म्हणतात."

हे बोलणं दाराशी दूध घालायला आलेल्या गवळ्यानं ऐकलं. गवळी म्हणजे चालतं-बोलतं वर्तमानपत्र, पण जनावर आणि चारा या विषयात त्याचा शब्द खाली पडत नसे. तो माप हातात तसंच धरून म्हणाला, "काका, लसूणघास लावा."

"लसूण?"

"लसणाशी त्याचा काही संबंध नाही. चाऱ्याचा घास असतो तो, जांभळ्या फुलांचा. वर दिसतो हातभर, पण त्याचं मूळ पुरुष-दीड पुरुष खाली जातं. जिथे तुमची पहार थकते तिथे ते सुरू होतं. शिवाय हवेतलं खत ओढून जमिनीत घालतं. गाई खातात, कोंबड्या खातात, कापून पसरला तर झाडं खातात. एकदा लावा, महिन्या-सव्वा महिन्यानं कापत राहा. दोन वर्षं राहू द्या, मग मोडा. मग काकूंना म्हणावं, काय हवं ते पेरा."

"दोन वर्षं नुसतं गवत?" काकू म्हणाल्या.

मग नवरा-बायकोत भाजीबाजारात होते तशी घासाघीस झाली. काकू एका थंडीवर अडल्या, काका चारवर. शेवटी तीनवर ठरलं. "एकतीस वर्षं तंबूत काढली, तीन थंड्या काढीन," काकू म्हणाल्या. "पण तिसऱ्या थंडीत या जमिनीतून माझ्या हातानं एक सरळ गाजर निघालं पाहिजे. एकच. नाही निघालं तर पेटी भरायची आणि पोरीकडे जायचं. कबूल?"

काका कबूल म्हणाले. पाचव्या मजल्यावर आपण दिवसभर करायचं काय, या विचारानं त्यांनी त्याच संध्याकाळी टिकावाला नवा दांडा बसवला.

थंडी पडायला लागली तशी त्यांनी टिकावानं बोटभर, दोन बोटं माती मोकळी केली. घासाचं बी मोहरीहून बारीक. ते ओळीनं टाकलं, वर चिमूट-चिमूट माती भुरभुरली, आणि मग हाताला सवय ती सवय! पाण्यानं भरलेलं एक पिंप आडवं करून काकांनी त्या वाफ्यांवरून असं काही फिरवलं की वरून बैलगाडी जावी. काकूंनी कपाळावर हात मारला. "झालं! सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

पण सकाळी गवळ्यानं पाहिलं आणि मान डोलावली. "हे मात्र शंभर टक्के बरोबर केलंत. इतकं बारीक बी दाबल्याशिवाय मातीला चिकटत नाही." त्या दिवशी काका कॉलर ताठ करून सबंध गल्लीत दोनदा फिरून आले.

आठवड्याभरात हिरवी लव उठली. वीतभर झाली. आणि मग, कुणाची दृष्ट लागावी तशी, पिवळी पडली. पाणी कमी नव्हतं, कीड नव्हती. तरी रोज पाहावं तर कालच्यापेक्षा फिकी. काका सकाळी उठून आधी तिथे जात आणि चहा न पिता परत येत.

गवळ्यानं एक रोप हलकेच उकरलं, मूळ धुतलं, उजेडात धरलं. "पाहा. सपाट. इथे बारीक-बारीक गाठी हव्या होत्या, तिळाएवढ्या, तांदळाएवढ्या. त्या गाठींत जिवाणू राहतात. हवेतलं खत ओढायचं काम त्यांचं. घास नुसता घर देतो. तुमच्या जमिनीत घर आहे, भाडेकरू नाहीत."

"मग कुठून आणायचे?"

"पाकिटात मिळतात."

"पाकीट आणलं होतं की! बियाला चोळायचं म्हणून."

"कुठे ठेवलं होतं?"

काका खिडकीकडे बघायला लागले. खिडकीत, पत्र्याच्या डब्यावर, भर उन्हात आठ दिवस. एकतीस वर्षं इंजिनाच्या झाकणावर जेवणाचा डबा गरम ठेवणाऱ्या माणसाला ऊब म्हणजे माया वाटायची. ते सगळे जिवाणू त्या मायेनं मेले होते.

"असू दे," गवळी म्हणाला. "जुना उपाय आहे. काकू, दूध नुसतं ठेवलं तर दही होतं का? कालचं चमचाभर दही लागतं. तसंच हे. ज्या रानात वर्षानुवर्षं घास आहे तिथली एक घमेलंभर माती आणायची, ओळींत मिसळायची. विरजण लावायचं मातीला."

"असं रान कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

गवळी माप झटकत बसला. काका चप्पल शोधायला लागले. दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. या भागात सगळ्यात जुना लसूणघास एकाच ठिकाणी होता, काकांच्या थोरल्या बहिणीच्या रानात. आणि ताई काकांशी सात वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

झालं होतं असं. नवा रस्ता ताईच्या रानातून आखला गेला. घासाची एक लांबलचक पट्टी त्यात गेली. कागद झाले, भरपाई झाली, त्याबद्दल ताईची तक्रार नव्हती. पण ती पट्टी दाबायला रोलर आला, तेव्हा वर बसलेला माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. काकांना त्या दिवशी पाळी बदलून मागता आली असती. त्यांना वाटलं, दुसरा कुणी आला तर वेडंवाकडं करील, आपण निदान आखल्या रेषेत दाबू. ताई बांधावर विळा घेऊन उभी होती. तिनं ओरडून सांगितलं, "आधी मला कापू तरी दे!" उभा, फुलावर आलेला घास होता. तासाचं काम. पण मागे खडीची गाडी खोळंबली होती, मुकादम हात हलवत होता, आणि रोलर पुढे गेला.

इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं काका पुढे सगळ्यांना सांगत. काकूंनाही तेच सांगितलं होतं.

"जाऊन या," काकू म्हणाल्या.

"ती मला दारात उभं करणार नाही."

"मग दारात नका जाऊ, रानात जा. पण जा. तीन थंड्या बोलले आहे मी. एक तर अर्धी संपली."

दुसऱ्या दिवशी काका सायकलला घमेलं आणि पोतं बांधून निघाले. आपल्याच रस्त्यानं. वाटेत ते नेहमीसारखे आपलं काम बघत होते, ही वळणावरची उतरण कशी छान साधली, इथे पाणी कसं थांबत नाही. ताईचं रान आलं आणि ते सायकलवरून उतरलेच. रस्त्याची कड फुटली होती. साधीसुधी नाही, पोळीचा पापुद्रा सुटावा तसं डांबर उचललं गेलं होतं आणि त्या फटीतून लसूणघासाचे फुटवे वर आले होते. सात वर्षांपूर्वी खडीखाली गेलेला घास! एकावर तर जांभळं फूलही होतं.

एरवी रस्त्याला एवढीशी भेग दिसली की काकांचा जीव वरखाली व्हायचा. आज ते उकिडवे बसून त्या भेगेकडे बघत राहिले. तोंडभर हसले. जो माझा पक्का रस्ता फोडतो, त्याला माझं परसू काय जड?

आणि मग मनात पाप आलं. इथल्या इथेच कडेची माती भरली तर? ही तर रस्त्याची हद्द. ताईला सांगायला नको, तिचं तोंड बघायला नको. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुरपं काढलं, आणि घमेलं अर्धं भरलं असेल नसेल तोच मागून आवाज आला.

"सात वर्षांनी आलास आणि तेही चोरी करायला?"

काकांच्या हातातलं खुरपं गळालं. ताई बांधावर उभी होती. तशीच, विळ्यासकट. केस तेवढे पांढरे झाले होते.

"चोरी नाही, ताई. विरजण."

"कसलं विरजण?"

काकांनी सगळं सांगितलं. पहार, पाटलोण घातलेली गाजरं, पाकीट, पाचवा मजला. पाकिटाशी आल्यावर ताईच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो जागच्या जागी आवरला.

"रस्त्याकडेची माती नेऊ नकोस," ती म्हणाली. "तिच्यात तुझं डांबर आहे. आत ये."

आत घासाचे वाफेच वाफे, हिरवेगार, गुडघाभर. ताईनं विळा भावाच्या हातात दिला. "आधी काप. मग माती ने."

काका समजले. मुकाट्यानं वाकले. त्यांची कंबर रोलरच्या बैठकीत घडलेली, तिला वाकायची कुठली सवय? चार मुठी कापल्या आणि त्यांना आपलं सगळं कूळ आठवलं. ताई बांधावर बसून हाकत होती. "मुळाशी नको, चार बोटं सोड. तिथूनच फुटतो तो. अरे, घास कापतोयस की दाढी करतोयस?"

एक अख्खा वाफा झाला. काका मातीत फतकल मारून बसले, घाम पुसला, आणि विळ्याच्या मुठीकडे बघत म्हणाले, "ऐकू आलं होतं मला. त्या दिवशी."

ताईनं कापलेल्या घासाची एक मूठ उचलून पेंढीत सारली. मग म्हणाली, "माहीत आहे मला, धाकट्या. मी ओरडले तेव्हा तू मान फिरवलीस. ज्याला ऐकू येत नाही तो मान फिरवत नाही."

"मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

"तू ऐकू आलं नाही असं सांगत फिरत होतास. बहिऱ्याशी काय बोलायचं?"

तिनं उठून स्वतः फावडं घेतलं. वाफ्याच्या मधोमध वीतभर खालची माती काढली, घमेलं शिगोशीग भरलं, ओल्या पोत्यानं झाकलं. "ऊन लागू देऊ नकोस. खिडकीत तर ठेवूच नकोस. दिवस मावळताना ओळींत मिसळ आणि लगेच पाणी दे." काका सायकलवर बसले तशी ती म्हणाली, "आणि तुझ्या बायकोला सांग, पाचव्या मजल्यावर मला जिने चढवणार नाहीत."

"लिफ्ट आहे, ताई."

"मग तर मुळीच नको."

विरजण लागलं. पहिले पंधरा दिवस काहीच दिसेना. काकूंनी पेटीकडे एकदा बघितलेलं काकांनी बघितलं. पुढे मधली-मधली पानं हिरवी व्हायला लागली, आणि महिना-सव्वा महिन्यात परसू असं हिरवं झालं की शेजारीण विचारायला आली, रंग मारलात का. गवळ्यानं पुन्हा एक मूळ धुतलं. तिळाएवढ्या गाठी! एक नखानं फोडली तर आत गुलाबी. "गुलाबी म्हणजे कामावर आहेत," तो म्हणाला.

पुढची दोन वर्षं ऐकण्यासारखी आहेत. एका सकाळी काकूंनी लाडानं गवळ्याच्या वासराला दंव पडलेला कोवळा घास पोटभर घातला आणि वासराचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गुरांच्या डॉक्टरांनी धावत येऊन त्याचं पोट उतरवलं. तेव्हापासून घास आधी सुकवायचा, मग थोडा-थोडा द्यायचा, हा नियम झाला. काका कापलेला घास बादलीत भिजत घालत आणि आठ दिवसांनी ते पाणी काकूंनी पत्र्याच्या डब्यांत लावलेल्या वांग्यांना घालत. त्याचा वास असा की शेजारीण खिडक्या लावून घ्यायची. पण वांगी पाहिल्यावर तिनंही एक बादली मागून नेली. उरलेला घास जमिनीवरच पसरायचा. त्याखाली ओल राहू लागली, आणि ओलीच्या वासानं गांडुळं आली. पहिलं गांडूळ दिसलं त्या दिवशी काकूंनी काकांना हाका मारून बोलावलं, जसा काही जावईच आला. ताई महिन्यातून एकदा यायची आणि घास चार बोटं ठेवून कापलाय का तेवढं बघायची.

तिसऱ्या थंडीच्या दोन महिने आधी घास मोडायचा होता. काकांचा जीव होईना. "एवढा हिरवा..." ते म्हणत राहिले. मग ताईनंच विळा आणि कुदळ घेऊन बुडखे दोन बोटं खालून तोडायला सुरुवात केली. "मुळं राहू दे आत. ती कुजली की त्यांच्या जागी नळ्या राहतात. गाजराला त्याच वाटा."

"तुझ्या विरजणाचा घास तोडताना वाईट नाही वाटत?"

"कापून तोडतेय ना," ताई म्हणाली.

बुडखे निघाल्यावर काकांनी सहज पहार उचलली आणि सोडली. पहार ठण् म्हणाली नाही. भस्सकन आत गेली, काका तोल जाऊन तिच्यावर ओणवे झाले. चौघांत दूध घालायला आलेला गवळी सगळ्यात मोठ्यानं हसला.

गाजरं पेरली. हिरवे तुरे आले. उपटायचा दिवस ठरला तेव्हा ताई सकाळीच बैलगाडी घेऊन हजर, गवळी दुधाची किटली घेऊन उभा. काकू गुडघ्याखाली पोतं ठेवून बसल्या. काकांना बघवेना म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पहिलं गाजर निघालं. त्याला दोन पाय होते.

कुजलेल्या मुळाचा एक दांडगा तुकडा मध्ये आला होता, गाजर त्याला वळसा घालून गेलं होतं. काकूंनी ते बाजूला ठेवलं. हात पुसले. दुसऱ्याचा तुरा धरला, हलवला, ओढला. येईना. "अडकलं," त्या म्हणाल्या. काकूंनी बोटांनीच माती सारली. मनगटापर्यंत हात आत गेला. मग आणखी आत. मग गाजर आलं, आपल्या मर्जीनं, सावकाश, संपता संपेना असं. कोपरापासून बोटापर्यंत लांब. आणि सुतासारखं सरळ.

"अहो," काकू म्हणाल्या. "वळा इकडे."

काका वळले. काकूंनी गाजर पदराला पुसलं, मातीसकट एक तुकडा चावला आणि डोळे मिटून चावत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड भरलेलं होतं म्हणून काही बोलता येत नव्हतं. स्वतः जमिनीत पेरून सरळ निघालेलं पस्तीस वर्षांतलं पहिलं होतं ते. पाटलोणवालं गाजर त्यांनी काकांच्या हातात कोंबलं.

दुपारपर्यंत एवढा ढीग झाला की टोपल्या पुरेनात. ताईला घरी न्यायला काही द्यावं, तर घरात एकही भांडं रिकामं नाही. काकू आत गेल्या. बराच वेळ खडखडाट ऐकू येत राहिला. आल्या त्या लोखंडी पेटी ओढत, आणि पेटी तळापर्यंत रिकामी होती. आत जुन्या रस्त्यांची लाल धूळ आणि पडवळाच्या चार वाळक्या बिया तेवढ्या होत्या. बिया त्यांनी वेचून घेतल्या, धूळ वाफ्यात झटकली. पेटी गाजरांनी भरून ताईच्या गाडीत चढवली.

पेटी अजून ताईकडेच आहे. काकूंनी परत मागितलेली नाही.